चित्रातली संसद

(सरांच्या स्मृतिदिनी शाळेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठासमोर मांडी घालून बसताना पायाला मुंग्या येत असत, त्याच व्यासपीठावर आज उभे राहण्याचा प्रसंग आपण माझ्यावर आणलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. संकोचही वाटतो आहे. सरांना व्याख्याने फारशी रुचत नसत. पाऊण तासापुढचे भाषण मुले कानांनी नव्हे, पायांनी ऐकतात, असे ते म्हणत. तेव्हा घड्याळ मी समोरच ठेवले आहे.

विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. १९७६ साली मी नववीत होतो. महिन्याची पहिली तारीख असावी, कारण सरांनी खिशातून पन्नास रुपयांची कोरी नोट काढली. आमच्यापैकी बहुतेकांनी ती नोट तोपर्यंत हातातही घेतलेली नव्हती. पन्नासाची ती नवी नोट आदल्याच वर्षी चलनात आली होती. जांभळट रंगाची, आणि मागच्या बाजूला दिल्लीतल्या संसद भवनाचे चित्र. सरांनी ती पहिल्या बाकावर दिली आणि सांगितले, "हातोहात शेवटपर्यंत जाऊ दे, आणि या चित्रात काय नाही ते सांगा." आम्ही खांब मोजू लागलो. कुणी म्हणाले, माणसे नाहीत. कुणी म्हणाले, मोटारी नाहीत. शेवटच्या बाकावरून, ज्याच्याकडून कुणालाच उत्तराची अपेक्षा नव्हती अशा मुलाने सांगितले, "सर, झेंडा नाही."

खरोखरच नव्हता. काठी होती, झेंडा नव्हता. पुढे छापल्या गेलेल्या नोटांवर तो आला. झेंड्यावाचूनची ती नोट नाण्या-नोटांचा छंद असणारे आज जपून ठेवतात. सरांनी त्यावर काहीच भाष्य केले नाही. नोट घडी न घालता खिशात ठेवली आणि फळ्याकडे वळले. तो काळ कोणता होता, हे सभेतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. लोकसभेने स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतलेले ते वर्ष होते. सर भाष्य का करीत नाहीत, हे तेव्हा कळले नाही. आज थोडे कळते.

'या चित्रात काय नाही?' हा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून संसदांची, सभांची, पुढाऱ्यांची चित्रे जितकी पाहिली, तितक्यांना मी तोच प्रश्न विचारीत आलो. त्यांतली काही चित्रे आज आपल्यापुढे मांडणार आहे. पडदा आणि यंत्र असूनही मी ती दाखविणार नाही. शब्दांतून पाहिली की माणूस जरा सावकाश पाहतो.

प्रारंभ परदेशातून करतो, कारण आधुनिक सभेचे पहिले मोठे चित्र तिथले आहे. २० जून १७८९ रोजी फ्रान्समधील लोकप्रतिनिधी व्हर्सायला आपल्या सभागृहाकडे गेले, तो दाराला कुलूप. मग ते जवळच्या एका चेंडू खेळण्याच्या बंदिस्त अंगणात शिरले. तिथे ना बाक, ना मंच. राज्यघटना सिद्ध झाल्याखेरीज आपण पांगणार नाही, अशी शपथ त्यांनी तिथे घेतली. म्हणजे ज्या सभेपासून युरोपच्या राजकारणाची कूस बदलली, तिला त्या दिवशी स्वतःचे छप्परसुद्धा नव्हते. पुढे झाक-लुई दाव्हिद या चित्रकाराने त्या प्रसंगाचे भव्य चित्र योजिले आणि त्याचे सविस्तर रेखाटन १७९१ साली प्रदर्शनात मांडले. मध्यभागी टेबलावर उभा राहून शपथ वाचणारा अध्यक्ष बाय्यी, भोवती उंचावलेले शेकडो हात, वरच्या खिडक्यांचे वाऱ्याने फुगलेले पडदे. सगळे चित्र जणू एका श्वासात पुढे झेपावते.

परंतु उजव्या कडेला एक माणूस खुर्चीवर बसलेला आहे. मान खाली, दोन्ही हात छातीशी घट्ट. हा मार्तें दोश. शपथ घेण्यास नकार देणारा तो एकटा. राजाची संमती नसलेली गोष्ट आपण करणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे मत आपल्याला पटण्याचे कारण नाही, आणि इतिहासाने तर ते केव्हाच बाजूला सारले. तरी सभेच्या दप्तरात त्याचा विरोध नोंदविला गेला, आणि चित्रकाराने त्याला चित्रातून वगळले नाही. शेकडो उंच हातांमध्ये ते दोन मिटलेले हात मला नेहमी प्रथम दिसतात. जी सभा एकाही विरोधकाला आपल्या चित्रात जागा देऊ शकत नाही, तिच्याविषयी मला शंका येते. ही माझी खोड समजा.

दाव्हिदचे ते मोठे तैलचित्र कधीच पुरे झाले नाही. चित्रातली माणसे रंगवून होण्याआधीच एकमेकांच्या जिवावर उठली. मध्यभागी उभ्या असलेल्या बाय्यीचा १७९३ साली शिरच्छेद झाला. काल ज्याला नायक म्हणून उभे केले, त्याला आज कसे रंगवावयाचे? व्हर्सायला ती अर्धवट पाटी आजही आहे. काही थोडे चेहरे रंगविलेले, बाकीच्यांच्या नुसत्या आकृती.

इंग्लंडची गोष्ट निराळी. तिथल्या कॉमन्स सभेला सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सेंट स्टीफन्स या जुन्या प्रार्थनामंदिराची जागा मिळाली होती. अरुंद, लांबट, समोरासमोर बाक. आजही तिथे सरकार आणि विरोधी पक्ष एकमेकांच्या तोंडाकडे पाहात बसतात, त्याचे मूळ या मांडणीत आहे असे मानतात. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर निवडून आलेली पहिली सभा १८३३ मध्ये भरली. जॉर्ज हेटर या चित्रकाराने, कुणी सांगितले नसताना, तिचे चित्र रंगवावयास घेतले. एकेका सभासदाला स्वतंत्रपणे समोर बसवून पावणेचारशेच्या आसपास चेहरे त्याने काढले. दहा वर्षे गेली. मध्यंतरी, १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री ते सभागृहच जळून गेले. सरकारी हिशेबाच्या खाचा पाडलेल्या जुन्या लाकडी पट्ट्या तळघरातल्या भट्टीत जाळीत होते, त्यांच्या अतिरेकी आचेने आग लागली. टर्नर हा थोर चित्रकार थेम्सच्या काठावरून ती आग पाहात होता, आणि त्याने तिची दोन तैलचित्रे केली. तेव्हा एक चित्रकार जळणारे सभागृह रंगवीत होता, तर दुसरा नाहीशा झालेल्या त्याच सभागृहात सभासदांना चिकाटीने बसवीत होता. हेटरचे चित्र १८४३ साली पुरे झाले, आणि ते विकत घ्यावयास सरकारला आणखी पंधरा वर्षे लागली. चित्रकारांनी संसदेच्या नादी लागू नये, एवढा बोध त्यातून निघतो.

हेटरच्या त्या चित्राला सरांचा प्रश्न विचारून पाहा. जुन्या सभागृहात स्त्रियांना प्रेक्षक म्हणूनही प्रवेश नव्हता. छताच्या वर, पोटमाळ्यावर, हवा जाण्यासाठी ठेवलेले एक झरोक्यासारखे भोक होते. त्याभोवती बसून खालचा धूर आणि उष्मा सोशीत स्त्रिया भाषणे ऐकत. त्या चित्रात असणे शक्यच नव्हते. नवी इमारत झाल्यावर त्यांना स्वतंत्र सज्जा मिळाला, परंतु त्याच्यापुढे जाड पितळी जाळी होती. २८ ऑक्टोबर १९०८ रोजी मताधिकाराची मागणी करणाऱ्या दोन स्त्रियांनी स्वतःला साखळीने त्या जाळीशी जखडून घेतले. साखळी सुटेना, तेव्हा जाळीसकट त्यांना तिथून हलवावे लागले. १९१७ साली ती जाळी कायमची निघाली. त्या काळातल्या सभागृहाच्या चित्रांत वर ही जाळी दिसते. तिच्यामागचे चेहरे दिसत नाहीत.

या नव्या सभागृहात १८९२ साली आपल्याला परिचित असलेला एक माणूस बसला. १८७४ मध्ये ज्यांनी या आपल्या बडोद्याची दिवाणगिरी पत्करली आणि वर्षभरातच सोडली, ते दादाभाई नवरोजी. लंडनच्या मध्य फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी ते निवडून आले. चार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पंतप्रधानांनीच त्यांच्या वर्णावरून जाहीर सभेत हिणकस उद्गार काढले होते. पाच मतांचा तो विजय किती मोठा होता, हे तेवढ्यावरून ध्यानात यावे.

आता दिल्लीला जाऊ. नोटेवरची ती वर्तुळाकार इमारत हर्बर्ट बेकर या वास्तुशिल्पज्ञाची. पायाभरणी १२ फेब्रुवारी १९२१ ला झाली, उद्घाटन १८ जानेवारी १९२७ ला. व्यास ५६० फूट, बाहेरच्या ओसरीला १४४ खांब. बेकरच्या मनात प्रथम तीन कोनांची इमारत होती. वर्तुळाचा आग्रह त्याचा सहकारी आणि पुढे प्रतिस्पर्धी झालेला लट्यन्स याचा. ग्वाल्हेरजवळ मुरैना जिल्ह्यात मितावली येथे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे, आणि संसद भवन त्यावरून बेतले असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की मोह होतो खरा. पण सारखेपणा हा पुरावा नव्हे, आणि बेकरने ते देवालय पाहिल्याचा पुरावा आजवर कुणी पुढे केलेला नाही. २०२३ साली शेजारी जे नवे संसद भवन उभे राहिले ते त्रिकोणी आहे. बेकर असता तर मिशीत हसला असता. जुन्या वास्तूला आता संविधान सदन म्हणतात.

बांधली तेव्हा त्या इमारतीचे नाव कौन्सिल हाउस होते आणि तिच्यात तीन दालने होती. त्यांतले एक आपल्यासारख्या संस्थानांच्या राजेमहाराजांसाठी. स्वातंत्र्यानंतर त्या नरेंद्र मंडळाच्या दालनात १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय भरत असे. बडोद्याने मात्र त्याच्या पुष्कळ आधी, सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०८ साली स्वतःची धारासभा स्थापन केली होती. धारा म्हणजे कायदा. हा शब्द मराठीने टाकून दिला आणि गुजरातीने जपला. मला तो अजून आवडतो.

या इमारतीत घडलेला, आणि घरोघरी चित्रांतून पोहोचलेला प्रसंग म्हणजे ८ एप्रिल १९२९ चा. विठ्ठलभाई पटेल अध्यक्षस्थानी होते. प्रेक्षक सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले, पत्रके भिरकावली आणि पळून न जाता स्वतःला पकडून दिले. आपण सर्वांनी हा प्रसंग कॅलेंडरांवर पाहिला आहे. धूर, ज्वाळा, घाबरलेले साहेब. ती सारी चित्रे कल्पनेने काढलेली. त्या क्षणी सभागृहात छायाचित्र घेणारा कुणी नव्हता. आपल्याजवळ खरे म्हणावे असे जे आहे, ते भगतसिंगांचे टोपी घातलेले छायाचित्र. काही दिवस आधी दिल्लीच्या काश्मिरी दरवाजातल्या एका दुकानात ते मुद्दाम काढून घेतलेले होते. बाँबपूर्वी छायाचित्राची तजवीज करणारा तो तरुण, लोक आपल्याला कशाने ओळखतील हे पुरते जाणून होता. अवघा एकवीस वर्षांचा.

मित्रहो, यानंतरचे चित्र माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीची पहिली बैठक भरली. जागा त्या इमारतीच्या मधोमध, पूर्वी जिथे ग्रंथालय होते त्या घुमटाखालच्या दालनात. छायाचित्रांत ओळीने बसलेली माणसे दिसतात. गांधीटोप्या, फेटे, साहेबी पोशाख. आपण त्यांत ओळखीचे चेहरे शोधतो. नेहरू, वल्लभभाई, डॉ. आंबेडकर. पण सरांचा प्रश्न विचारला की चित्र बदलते. मुस्लिम लीगचे सभासद त्यात नाहीत. लीगने बहिष्कार घातला होता. दोनशेच्या वर माणसे आली, परंतु जे आले नाहीत त्यांच्या जागांवर फाळणीचे वर्ष येऊन बसलेले होते. त्या दिवशी हे कुणी बोलून दाखविले असेल वा नसेल, छायाचित्रात ते आहे.

त्यानंतर आठ महिन्यांनी, १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, त्याच दालनात नेहरूंचे ते प्रसिद्ध भाषण झाले. ध्वनिक्षेपकापुढे उभ्या नेहरूंचे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्याच रात्री, त्याच बैठकीत घडलेली एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांतून सहसा दिसत नाही. भारतातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण करण्यात आला. तो सरोजिनी नायडूंच्या हातून दिला जावयाचा होता. त्या उपस्थित नव्हत्या, म्हणून ते काम हंसाबेन मेहतांनी केले. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या या कन्या, पुढे आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. आपल्यापैकी अनेकांच्या पदवीपत्रावर त्यांची सही असेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'सर्व मानव' हा शब्द यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या हंसाबेन. घटना समितीत एकूण पंधरा स्त्रिया होत्या. लंडनच्या त्या पितळी जाळीनंतर तीस वर्षांनी आपल्याकडच्या स्त्रिया सज्जात नव्हे, खालच्या आसनांवर बसल्या होत्या, हे सांगताना मला अभिमान वाटतो. संख्या पंधराच होती, हेही सांगितले पाहिजे.

बडोद्याचे आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ साली याच शहरात झाला. कोकणातून येऊन गुजरातेत रुजलेले, आपल्यासारखेच मराठी घराणे. अहमदाबादला वकिली, मुंबई विधानसभेचे सभापतिपद, आणि १९४६ च्या जानेवारीत मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदी निवड, तीही सरकारी पक्ष विरोधात असताना, तीन मतांनी. सभागृहाच्या कोणत्याही चित्रात सभापती सर्वांत उंच आसनावर असतो. नवख्याला वाटते, हाच इथला धनी. खरे तर त्या सभेत ज्याला स्वतःचे मत मांडता येत नाही असा तो एकच. १९५४ च्या डिसेंबरात मावळंकरांविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. लोकसभेच्या सभापतीविरुद्ध आलेला तो पहिलाच ठराव. चर्चेच्या वेळी ते आसनावरून दूर राहिले, ठराव फेटाळला गेला, आणि १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. ते रिकामे आसन कुणी टिपले असते तर आपल्या संसदेचे ते फार मोलाचे चित्र ठरले असते. परंतु कामकाज चालू असताना बाहेरच्या छायाचित्रकाराला सभागृहात मज्जाव. पुढे १९८९ च्या डिसेंबरात राष्ट्रपतींचे अभिभाषण दूरदर्शनवर थेट दिसले, आणि २००६ पासून लोकसभेची स्वतःची वाहिनी आली. आता रोज दिसते. पण यंत्राचे तोंड कुणीकडे वळवायचे, हे ठरविणारा कुणी असतोच, आणि गोंधळ झाला की ते चटकन सभापतींकडे वळते, हेही आपण पाहतोच.

आत मज्जाव, म्हणून जुन्या छायाचित्रकारांना राजकारण बाहेर शोधावे लागले. पायऱ्यांवर, विमानतळावर, मेजवान्यांत, पक्षाच्या बैठकांत. आणि इथे मी माझ्या मुख्य गोष्टीपाशी येतो.

१९८७ साली स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली. मी तेव्हा याच शाळेत रजेच्या जागेवर शिकवीत होतो. सर निवृत्तीला आलेले. मुलांसाठी एक प्रदर्शन करावे असे ठरले आणि काम माझ्याकडे आले. जुन्या बाजारातून सचित्र साप्ताहिकांचे गठ्ठे आणले, चित्रे कापली, खळीने पुठ्ठ्यांवर डकविली, खाली बोरूने मजकूर लिहिला. लाल किल्ल्यावर फडकणारा झेंडा आणि खाली माणसांचा समुद्र, असे एक चित्र मी दर्शनी भागी लावले आणि लिहिले, '१५ ऑगस्ट १९४७'. सर संध्याकाळी पाहावयास आले. खिशातून निळी पेन्सिल काढून त्यांनी पंधराचे सोळा केले. पंधरा तारखेच्या संध्याकाळी झेंडा इंडिया गेटजवळच्या मैदानावर चढला. लाल किल्ल्यावर नेहरूंनी तो फडकविला दुसऱ्या दिवशी. मला ते ठाऊक नव्हते. मी खजील झालो. मग सरांनी विचारले, "हे काढले कोणी?"

मी म्हणालो, "खाली नाव छापलेले नाही, सर."

"मग शोध," ते म्हणाले.

मी शोधले नाही. प्रदर्शन चार दिवसांवर होते, वह्या तपासावयाच्या होत्या, आणि खरे सांगायचे तर चित्राला काढणारा असतो हे मला महत्त्वाचेच वाटले नव्हते. झेंडा होता, गर्दी होती, आता तारीखही बरोबर होती. आणखी काय हवे?

उत्तर मला पंचवीस वर्षांनी मिळाले. जानेवारी २०१२ मध्ये वर्तमानपत्रांत निधनवार्ता आली. होमाई व्यारावाला, वय ९८, भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, आदल्या वर्षीच्या पद्मविभूषण. निधन वडोदरा येथे. नंतर त्यांच्यावरचे पुस्तक मिळवून पाहिले. पाने उलटता उलटता लाल किल्ल्याचे ते चित्र समोर आले, आणि माझे हात थांबले. मी खळीने चिकटविलेले, निनावी म्हणून टांगलेले ते चित्र काढणारी बाई तेव्हा याच गावात राहात होती. मी ज्या बाजारातून रद्दी आणली, त्या बाजारात त्याही कधी भाजी घेत असतील.

त्यांच्याविषयी थोडे सांगतो. जन्म १९१३, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक मंडळीबरोबर हिंडणारे. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आणि कॅमेरा हाती दिला तो पती माणेकशा यांनी. १९४२ साली दोघे दिल्लीस गेली. पुढची सुमारे तीन दशके ही साडी नेसलेली बाई खांद्यावर जड यंत्र घेऊन, कधी सायकलवरून, राजधानीत हिंडत होती. चित्रांखाली बहुधा नाव नसे, किंवा असे 'डालडा १३' हे गमतीचे टोपणनाव. जन्मवर्ष तेराचे, आणि गाडीचा क्रमांक डी. एल. डी. १३, त्यावरून घेतलेले. नेहरू पारवा सोडताहेत ते चित्र त्यांचे. 'छायाचित्रण मना' अशा पाटीजवळ नेहरू बहिणीला मिठी मारताहेत, तेही त्यांचेच. माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा.

या सर्वांहून मला मोलाचे वाटते ते जून १९४७ चे एक छायाचित्र. काँग्रेस महासमितीच्या बैठकीत फाळणीच्या योजनेवर मत घेतले जात आहे आणि सभासदांनी हात वर केले आहेत. एवढेच. संसद भवनाची हजारो चित्रे निघाली, खांबांची, घुमटांची, नोटेवरची. निर्णय होत असतानाचे चित्र इतके थोडे का? कारण निर्णय हा दिसत नाही. दिसतात ते वर गेलेले हात, आणि तेही काही क्षणच. ते क्षण त्यांनी धरले. दाव्हिदच्या चित्रातही हात उंचावलेले होते, पण तिथे उत्साह आहे. इथल्या हातांकडे पाहिले की, ज्यांच्या घरांवरून ती रेषा जाणार होती ती माणसे आठवतात. ती या चित्रात नाहीत.

पतीच्या निधनानंतर, १९७० साली, होमाईबाईंनी कॅमेरा ठेवून दिला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि बेमुर्वतपणा त्यांना मानवेना. पुढची चाळीस वर्षे त्यांनी तो व्यवसाय पुन्हा केला नाही. काही काळ पिलानीला मुलाजवळ, नंतर आपल्या बडोद्यात. १९८९ मध्ये मुलगाही गेला. त्यानंतर त्या एकट्याच राहात, स्वतःची कामे स्वतः करीत. माझ्या पिढीचे कितीतरी इतिहासशिक्षक या शहरात तेव्हा स्वातंत्र्याचा धडा शिकवीत होते. त्या धड्यातली चित्रे जिने काढली तिला शाळेत बोलवावे, मुलांसमोर बसवावे आणि 'बाई, तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात?' एवढे विचारावे, हे आम्हाला सुचले नाही. मला तर शोध म्हणून सांगितले गेले होते.

सर २००३ साली गेले. त्यांना उत्तर देण्याची संधी राहिली नाही.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात मी शाळेत आलो होतो. मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ली दिली, आणि शिपाईमामांच्या मदतीने प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली उघडली. नकाशांच्या गुंडाळ्यांमागे १९८७ चे सात पुठ्ठे निघाले. दोन वाळवीने खाल्लेले. लाल किल्ल्याचा मात्र शाबूत आहे. कागद पिवळा पडला आहे, माझे बोरूचे अक्षर फिकट झाले आहे, सरांचे निळे सोळा तसेच आहे. त्याच्याखाली मी आज सकाळी होमाईबाईंचे नाव लिहिले आणि तो पुठ्ठा बाईंच्या स्वाधीन केला. बाहेर जाताना डाव्या हाताच्या भिंतीवर तो लावलेला आहे. अक्षर थोडे वाकडे आले आहे, बोरूची सवय राहिली नाही.

घड्याळात पंचेचाळीस मिनिटे व्हायला अजून तीन कमी आहेत.